कानवाले ऐकत नाहीत

कागदाच्या कारखान्यात त्यांना सगळे कानवाले म्हणत. हे आडनाव नव्हे, पदवी. चालत्या यंत्राच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "तिसरा रोलर, डावी बाजू. चार दिवस काढेल." चौथ्या दिवशी ते बेअरिंग राम म्हणायचंच. इंजिनिअर लोक मोजमापाची उपकरणं घेऊन येत, आकडे लिहून घेत आणि जाता जाता हळूच कानवाल्यांना विचारून जात. बत्तीस वर्षांत त्यांचा अंदाज दोनदा चुकला होता, आणि दोन्ही वेळा चूक ग्रीस भरणाऱ्याची होती, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं.

त्यांची दुसरी ख्याती अशी, की ते कुणाचं ऐकत नाहीत. मॅनेजर बोलायला लागला की हे मध्येच पाठ फिरवून चालू लागत. युनियनवाले आले की "मला सांगू नका" म्हणून हात झटकत. जिन्यात शेजाऱ्याने काही विचारलं तर "तुम्हाला काय करायचंय?" असं खेकसून वर निघून जात, त्या बिचाऱ्याने नळाला पाणी आलं का, एवढंच विचारलेलं असे. माणूस गुणी, पण हेकट, तोंडाचा फाटका, माणूसघाणा. लोकांनी एवढी विशेषणं चिकटवली आणि कानवाल्यांनी ती मुकाट्याने चिकटवून घेतली, कारण त्यांना तेच हवं होतं.

खरी गोष्ट एवढीच होती, की त्यांना ऐकू येत नव्हतं.

ऐकत नाही आणि ऐकू येत नाही, यांत अंतर जेमतेम एका शब्दाचं. पण पहिल्यात रुबाब आहे आणि दुसऱ्यात कीव. जो ऐकत नाही त्याला लोक वचकून असतात. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी लोक आधी मोठ्यांदा बोलतात, मग हसून बोलतात आणि मग बोलायचंच सोडून देतात. कानवाल्यांना काम शिकवणारे जुने फोरमन असेच बहिरे झाले, तेव्हा मालकांनी दया येऊन त्यांना फाटकाशी एका स्टुलावर बसवलं होतं. येताजाता कामगार त्यांच्या पाठीमागे उभे राहून शिव्या द्यायचे आणि म्हातारा समोर बघून हसत राहायचा. ते हसू कानवाल्यांनी रोज पाहिलं होतं. स्वतःचा उजवा कान गेला आणि डावा किलकिला झाला, त्या दिवशी त्यांनी ठरवलं, वाईट म्हटलं तरी चालेल, बहिरा म्हणता कामा नये. आणि नऊ वर्षं मेहनत घेऊन ते वाईट झाले.

कारखान्यात निभत असे. तिथल्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळे ओठ बघून आणि हातवाऱ्यांवर बोलतात. अशा जागी बहिरा कोण हे ओळखणार कसं? स्क्रू ड्रायव्हरची मूठ ते आता कानाऐवजी दातांत धरत. बेअरिंगची कुरकुर दातांतून डोक्यात नीट पोचे. लोक म्हणत, म्हाताऱ्याची नवीन तऱ्हा. घरीदारी वापरायला त्यांनी चार उत्तरं तयार ठेवली होती: "हं", "बघू", "मला सांगू नका" आणि "बरं झालं". समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि चारांतलं एक फेकायचं. शंभरातली नव्वद बोलणी या चारांत निभतात, करून बघा.

बायकोला ठाऊक होतं. ती समोर उभी राहून सावकाश बोलायची आणि बाहेर ताकास तूर लागू द्यायची नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली, आणि त्या घरात समोर उभं राहणारं कुणी उरलं नाही.

राहता राहिला फोन. फोनला ओठ नसतात.

दोन वर्षांपूर्वी लेकीचा फोन आला. ती पाच तासांच्या अंतरावर, नवऱ्याच्या गावी राहायची. पडद्यावर तिचं नाव दिसलं म्हणून त्यांनी उचलला. कानात नुसती गुणगुण. थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. थांबली म्हणजे उत्तराची वेळ झाली, असा हिशोब करून ते म्हणाले, "बरं झालं. ठेव आता."

त्यानंतर लेकीचा फोन आला नाही. ती आली नाही. वाढदिवसाला त्यांनी मेसेज टाकला, "सुखी राहा", त्याचंही उत्तर नाही. एका लग्नात जावई दिसला, तर त्याने तोंड फिरवलं. कानवाल्यांनी स्वतःची समजूत घातली, की जावयाने पोरीचे कान फुंकले. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे काय कुणी उगाच म्हणून ठेवलंय? पण मनात आत एक गोष्ट रोज टोचत असे. त्या गुणगुणीत काहीतरी होतं. काय होतं ते विचारायचं, तर आधी ऐकू आलं नाही हे कबूल करायचं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दोन वर्षं त्यांनी धरलंही नाही आणि सोडलंही नाही.

अशात कारखान्याने परदेशातून कागद वाळवायचं नवं यंत्र घ्यायचं ठरवलं, आणि मालकांनी अट घातली, "कानवाल्यांनी तिथे जाऊन यंत्र ऐकल्याशिवाय ते जहाजावर चढवायचं नाही." यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या इथल्या कचेरीत जावई नोकरीला. पाहुण्याला सोबत घेऊन जायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. दोघांनीही टाळायचा प्रयत्न केला. दोघांचेही साहेब ऐकणारे नव्हते.

विमानात दोघं शेजारी बसले आणि आठ तासांत एक शब्द बोलले नाहीत. पूर्वी जावई त्यांना बाबा म्हणायचा. आता तोही कानवाले म्हणायचा, आणि ते असं म्हणायचा की पदवीची शिवी व्हावी. कानवाले त्याला जावईबापू म्हणत, त्याचीही तीच गत. त्यात जावयाला भरघोस मिशी. वरचा ओठ पार झाकलेला. जगात कानवाल्यांना सगळ्यांत जास्त राग कशाचा असेल तर त्या मिशीचा. ती हलली की काहीतरी बोलणं झालं एवढंच कळे.

परदेश मात्र त्यांना फार मानवला. तिथे त्यांना काही समजेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. हॉटेलात, दुकानात, रस्त्यावर लोक त्यांच्याशी खुणांनी बोलत, बोट दाखवत, मान डोलवत. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणावर खेकसावं लागलं नाही.

यंत्राची चाचणी सोमवारी होती. शनिवारी तिथल्या कंपनीच्या उंच साहेबाने दोघांना कॅन्टीनमध्ये जेवू घातलं आणि रविवारी सकाळच्या संगीताच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं पुढे ठेवली. शास्त्रीय संगीत, मोठा वाद्यवृंद, शहराचा मान. एवढ्या मोठ्या कानाच्या माणसाला आणखी काय द्यायचं? रीत कशी असते ते त्याने हातवारे करून दाखवलं. मध्ये बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि फारच आवडलं तर लोक असे करतात, म्हणून तो खुर्चीवरून ताडकन उठला आणि हात उंच करून टाळ्या वाजवल्या. कानवाल्यांना त्या सगळ्या जेवणातलं एवढंच समजलं, पण ते पक्कं समजलं.

"मला नाही यायचं," बाहेर आल्यावर ते म्हणाले.

जावई मुद्दाम त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. रागावला की तो तोंड मोठं उघडून बोलायचा, त्यामुळे समजायचं. "यायला लागेल. ही माझी नोकरी आहे. तुमच्यासारखं मनाला येईल तसं वागायची चैन मला नाही परवडत."

"हं," कानवाले म्हणाले.

सभागृहात जागा मिळाली ती वरच्या सज्जात, अगदी पहिल्या रांगेत. समोर जाड, गुळगुळीत लाकडी कठडा, खाली रंगमंच. जावई उजवीकडे बसला, म्हणजे मेलेल्या कानाकडे. बसल्या बसल्या त्याची मिशी हलली. कानवाल्यांनी "बघू" म्हटलं. जावयाने कपाळाला आठ्या घातल्या, त्यावरून उत्तर चुकलं असणार.

खाली सत्तरेक माणसं काळ्या कपड्यांत बसली होती. एक पाठमोरा माणूस काडी घेऊन उभा राहिला, त्याने हात वर केला आणि सत्तर जणांचे हात चालू लागले. डावा कानही एव्हाना जवळपास मेलाच होता. कानवाल्यांना ऐकू आलं ते असं: काहीही नाही. मग त्यांनी जे येत होतं ते केलं, यंत्र चालू असताना बघतात तसं बघितलं. सगळे गज एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते. जोडणी उत्तम होती. तिसऱ्या रांगेतला एक टकल्या मात्र केसभर मागे पडत होता. तो कानवाल्यांच्या खात्यात असता तर त्यांनी त्याला पहिल्या सुट्टीत उघडून बघितला असता. अर्ध्या तासात त्यांनी छताचे दिवे मोजले, पुढच्या दाराच्या बिजागऱ्या तपासल्या. कंटाळा आला. ते पुढे वाकले आणि त्यांनी हनुवटी कठड्यावर टेकली.

लाकडातून काहीतरी वर आलं.

आधी त्यांना वाटलं, खाली कुठे मोटार चालू आहे. पण मोटार अशी थांबून, विचार करून पुढे जात नाही. माणसाहून उंच अशी मोठी वाद्यं उजवीकडे आठ जण धरून उभे होते. त्यांच्या गजाबरोबर लाकूड थरथरत होतं. कानवाल्यांनी जबडा घट्ट दाबला. आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून खालचे दात हळूच कठड्याला लावले. आता ते नीट डोक्यात शिरलं. जाड, संथ, एकामागून एक. वरचं बारीक काही पोचत नव्हतं, पण पाया पोचत होता. त्यांनी डोळे मिटले. बायको गेल्यापासून त्यांच्या डोक्यात शिरलेली प्रत्येक गोष्ट एक तर बिघाड होती नाही तर भांडण. हे दोन्हीही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्यांना रागही आला. उजवीकडून जावयाचा कोपर बरगडीत बसला. म्हातारा झोपला असं त्याला वाटलं असणार. कानवाल्यांनी डोळे न उघडता कोपराला कोपराने उत्तर दिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी लाकूड गप्प झालं. कानवाले थोडे थांबले. मग त्यांनी डोळे उघडले.

सगळं सभागृह उभं होतं.

म्हणजे फारच आवडलं होतं लोकांना. आवडणारच. कानवाले ताडकन उठले, हात डोक्याच्या वर नेले आणि टाळ्या वाजवायला लागले. कारखान्यात काम करून रुंद झालेले पंजे. त्यांच्या टाळ्यांचा त्यांच्याच हाताला झिणझिण्या येतील एवढा जोर. "वा, वा," असंही ते म्हणाले, आणि बहिऱ्या माणसाचं 'वा' हळू कधीच नसतं. खाली वादक वाद्यं छातीशी धरून बाजूच्या दाराने निघाले होते. त्यांतला तो टकल्या थांबून वर बघायला लागला. कानवाल्यांनी त्याला माफ करून टाकलं आणि त्याच्याकडे बघून आणखी जोरात वाजवल्या. रांगांमधून लोक बाहेर पडत होते, जाता जाता मागे वळून त्यांच्याकडे बघत होते, आणि टाळ्या दुसरं कुणीच वाजवत नव्हतं.

जावयाने त्यांचा दंड धरला. त्यांनी झटकला. "सोडा, जावईबापू. तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

गणवेशातली एक बाई येऊन दाराकडे बोट दाखवायला लागली. जावई त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. ओरडला हे कानवाल्यांना गालावर आलेल्या श्वासावरून कळलं. शब्द कळले नाहीत. त्यांनी चारांतलं एक दिलं.

"बरं झालं."

जावयाचा हात गळून पडला. तो त्यांच्याकडे असा बघायला लागला, की जणू त्याला आत्ताच कुणीतरी ओळख करून दिली. मग त्याने छताकडे बोट केलं. तिथे एक लाल दिवा उघडझाप करत होता, आणि त्याच्याशेजारी जी गोल पितळी घंटा होती तिचा लोलक थरथरत होता. थरथरत होता म्हणजे वाजत होती. किती वेळ वाजत होती देव जाणे.

आगबिग काही नव्हती. तळघरातल्या उपाहारगृहात काहीतरी करपून धूर झाला होता. पण सगळ्यांना रस्त्यावर उभं केलं होतं, आणि फुटपाथवर चांगले कपडे घातलेली चार-पाचशे माणसं थंडीत घोळक्याने उभी होती. कानवाले एका खांबाशी उभे राहिले. जावई कुठे आहे हे त्यांनी बघायचं टाळलं. इतक्यात समोरच्या दोघी-तिघी एकदम दचकल्या आणि त्यांच्या मागे बघू लागल्या. कानवाले वळले. जावई त्यांच्या डोक्यामागे हातभर अंतरावर उभा होता, दोन्ही तळवे जुळलेले. नुकतीच टाळी वाजवली होती त्याने. जोरात वाजवली असणार.

जावयाने कोटातून पेन काढलं, कार्यक्रमाची पत्रिका उलटी केली आणि लिहून त्यांच्यापुढे धरली. 'ऐकू येत नाही?'

"चष्मा नाही आणला," कानवाले म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

जावई हसला नाही. त्याने खाली दुसरी ओळ लिहिली. 'दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवर काय सांगितलं, ते ऐकू आलं होतं?'

कानवाल्यांनी ती ओळ वाचली. उद्या या माणसाने कारखान्यात एक फोन केला, की फाटकाशी स्टूल तयार. नुसतं 'हं' म्हटलं तरी बचाव होता. हं म्हणजे ऐकलं होतं, समजून-उमजून 'बरं झालं' म्हणालो होतो, आणि वाईट तर वाईट, त्याची सवय आहे. तो 'हं' त्यांच्या ओठांपर्यंत आला. पण दोन वर्षं जे विचारता येत नव्हतं ते आज समोरचा आपण होऊन सांगायला निघाला होता.

"नाही," ते म्हणाले.

जावई लिहायला लागला. लिहिताना पेन कागदातून आरपार जाईल इतकं दाबत होता. 'बाबा, माझ्या छातीत गाठ निघालीय. कॅन्सर आहे. मंगळवारी ऑपरेशन. मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतेय. तुम्ही याल ना?'

कानवाल्यांनी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना त्या गुणगुणीतल्या थांबायच्या जागा आठवल्या. शेवटची जागा 'याल ना' नंतरची होती.

"आहे ना ती?" त्यांनी विचारलं, इतक्या मोठ्यांदा की घोळका गप्प झाला.

जावयाने मान हलवली. आहे. बरी आहे. मग तो भरभर बोलायला लागला आणि थांबेना. मिशी हलत होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि त्या सगळ्या दोन वर्षांच्या बोलण्यातला एक शब्द कानवाल्यांपर्यंत पोचत नव्हता. त्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने बोलणं तोडलं आणि लिहिलं, 'तीन महिने ती दाराकडे बघत होती.'

"तिला फोन लावा," कानवाले म्हणाले.

जावयाने खिशातून फोन काढला. मग नंबर लावला, पलीकडे काहीतरी बोलला आणि फोन त्यांच्या हातात न देता नुसता तोंडासमोर धरला.

"मी बोलतोय," कानवाले म्हणाले. "मला ऐकू येत नाही गं. नऊ वर्षं झाली. तुझ्या आईला माहीत होतं. तू तेव्हा काय म्हणालीस ते मला आत्ता रस्त्यावर कळलं. तू बोल, हे लिहून दाखवतील."

जावयाने फोन कानाला लावला, पत्रिका खांबावर टेकवली आणि ऐकू लागला. मग एक ओळ लिहिली आणि कागद त्यांच्याकडे वळवला.

'ऐकू आलं नाही, तर परत सांग असं का नाही म्हणालात?'

परत सांग. बायकोला, मॅनेजरला, जिन्यातल्या शेजाऱ्याला, कुणाला कधी म्हटले नव्हते ते हे दोन शब्द. जीभ झडली असती थोडीच. फोरमन, स्टूल, पाठीमागे उभे राहणारे कामगार, हे सगळं त्यांना त्या ओळीपुढे मांडता आलं असतं, पण त्यातलं काहीही मंगळवारच्या ऑपरेशनपुढे टिकणारं नव्हतं.

"लाज वाटली," ते फोनमध्ये म्हणाले. "दुसरं काही नाही. लाज वाटली मला. तुझ्यापेक्षा मी ती लाज सांभाळली."

जावयाने फोन परत कानाला लावला. कानवाले त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघत राहिले. पेनाचं टोक कागदाला टेकलेलं होतं. लोक हळूहळू पुन्हा आत जायला लागले, तरी ते टोक हललं नाही. ती काही बोलत नव्हती, की ती बोलत होती आणि जावई लिहीत नव्हता, हे कळायला कानवाल्यांना काही मार्ग नव्हता.